टीएमटीनंतर थेट कॅथलॅबच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला जिना चढताना छातीत जड वाटू लागलं. वय ५८, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटायचं. टीएमटीचा, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेल्या ईसीजीचा, रिपोर्ट ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ (किंचित दोष दाखवणारा) आला आणि तासाभरात संमतिपत्र हातात पडलं. आजच कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून तपासतात त्या खोलीत, अँजिओग्राफी, ब्लॉक दिसला तर लगेच स्टेंट. ताई सही करणारच होती. ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “आधी सीटी अँजिओ का नाही करत?” तोवर हा पर्याय, म्हणजे शिरेतून डाय (रंगद्रव्य) देऊन हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन, आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. बायकांमध्ये टीएमटी बऱ्याचदा खोटी पॉझिटिव्ह येते, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सीटी झाली. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं, कारण डाय किडनीवाटे बाहेर पडतो. ताईची नाडी ८८ होती. ती ६०च्या आसपास आल्याशिवाय चित्र स्वच्छ येत नाही, म्हणून गोळी देऊन तासभर बसवलं. मग हाताच्या शिरेतून डाय, अंगभर गरम लाट, “श्वास घ्या, रोखा”, आणि झालं. धमनीत नळी घालावी लागली नाही. एका धमनीत ३० टक्के अडथळा निघाला. स्टेंटची गरज नव्हती. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरू झालं.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यास झाला. त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली आले. नेहमीच्या तपासण्यांना सीटी अँजिओची जोड मिळालेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण २.३ टक्के होतं, बाकीच्यांत ३.९. स्टेंट-बायपास दोन्हीकडे जवळपास सारखेच झाले. गरज असलेल्यांना औषधं वेळेत सुरू झाली, हे फरकाचं मुख्य कारण मानलं जातं. इंग्लंडमधल्या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने तर २०१६ मध्येच अशा दुखण्यासाठी सीटी अँजिओ ही पहिली तपासणी ठरवली.

एक गल्लत मात्र नको. ‘हार्ट चेकअप’ पॅकेजमध्ये मिळतो तो कॅल्शियम स्कोअर वेगळा. तो डायशिवाय होतो आणि फक्त चुना साचलेला दाखवतो. चाळिशीच्या आतल्या माणसाचा स्कोअर शून्य आला तरी धमनीत मऊ चरबीचा थर असू शकतो. उलट, खूप चुना साचलेल्या वयस्कांत किंवा नाडी अनियमित असेल तर सीटी अँजिओही नीट वाचता येत नाही. तिथे स्ट्रेस थॅलियम, स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेले स्कॅन व सोनोग्राफी) किंवा थेट अँजिओग्राफीच बरी. आणि बसल्या जागी छातीत कळ येऊन घाम फुटला तर सीटी सेंटर शोधत बसू नये, १०८ला फोन करून ईसीजी असलेलं रुग्णालय गाठावं.

कॅथलॅबला माझा विरोध नाही. तिथे माणसं वाचतात. पण आणीबाणी नसताना ‘कोणत्या तपासण्यांचा विचार केला आणि का वगळल्या’ ही ओळ संमतिपत्रात असायलाच हवी, आणि ज्या जिल्हा रुग्णालयांत ६४ स्लाइसचं सीटी मशीन आहे तिथे सीटी अँजिओ सुरू व्हावी, एवढी मागणी आरोग्य विभागाने मनावर घ्यावी.

आपला,
एक वाचक, सातारा