काढा वनस्पतींचा, सरस गाढवाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळीच्या पोटदुखीवर गोळी नको, चिनी काढा घे, त्याला साइड इफेक्ट नाहीत, असा सल्ला हल्ली मुली एकमेकींना सर्रास देतात. सिंगापूरला नोकरी करणारी माझी भाचीही दिवाळीला 'वन चिंग तांग' या चिनी काढ्याची पाकिटं घेऊन आली. मी निवृत्त पशुवैद्यक. खोक्यावरच्या यादीत आलं, ज्येष्ठमध, चिनी दालचिनीच्या डहाळ्या अशी ओळखीची मंडळी होती आणि मध्येच 'कोला कोरिआय असिनी'. म्हणजे गाढवाचं कातडं उकळून, आटवून केलेला सरस. भाची अंडंसुद्धा खात नाही!

लपवाछपवी कुणी केलेली नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग या वैद्याने दिलेल्या या पाठात, म्हणजे औषधाच्या कृतीत, बारा द्रव्यं आहेत, त्यातलंच हे एक. चिनी लोक त्याला 'अ-च्याओ' म्हणतात. शानतुंग प्रांतातल्या तुंग-अ या ठिकाणचा नावाजलेला. काळपट, चकचकीत वड्या असतात. त्या बाकीच्या द्रव्यांबरोबर उकळत नाहीत, काढा गाळला की त्यात विरघळवतात. आपण मात्र 'हर्बल' एवढंच वाचून पाकीट फोडतो.

माझी नोकरी बरीचशी पुरंदर तालुक्यात झाली. पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणारा गाढवांचा बाजार रोडावताना पाहिला आहे. पशुगणनेनुसार देशात २०१२ साली सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ साली १.२ लाख उरली. याचं सगळं खापर चिनी सरसावर फोडणार नाही. दारात टेम्पो आल्यावर गाढव पोसायचं कुणी? पण चीनमधली गाढवं पुरेनात म्हणून आफ्रिकेतून इतकी कातडी जाऊ लागली, की आफ्रिकन युनियनला फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यासाठी गाढवं मारण्यावर १५ वर्षांची बंदी घालावी लागली. ही मागणी मुख्यतः रक्तवाढीच्या टॉनिकसाठी आहे, पाळीच्या काढ्याचा वाटा त्यात थोडाच, हेही खरं.

गुण येतो का? कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात पाळीच्या दुखण्यावरच्या चिनी वनौषधींच्या ३९ चाचण्या तपासल्या होत्या. निष्कर्ष आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा सुमार. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी त्याच वैद्याचा 'तांगक्वे शाओयाओ सान' हा सहा द्रव्यांचा पाठ आहे. त्यात प्राण्याचं काही नाही. जपानमध्ये तो डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात.

मात्र या दोन्ही पाठांत तांगक्वे ही मुळी आहे आणि ती वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये. आणि दर महिन्याला दुखणं वाढतच चाललं असेल, तर पाकिटं बदलत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) नाही ना, हे आधी पाहून घ्यावं.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सासवड