दुपारी अडीचची कढी

मालवण

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मिरची तीच, तिरफळंसुद्धा तूच दिलेली, मग बांगड्याची कढी खानावळीसारखी का लागत नाही? वयनी त्यात गुपचूप काय घालायच्या?" तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. वयनींच्या खानावळीत त्या चुलीपुढे माझी अर्धी हयात गेली. वाटण मी वाटायचे, मासे मी सोडायचे, टोपही मीच उतरवायचे. लपवून घालण्यासारखे तिथे काही नव्हते. पण घरच्या कढीत आणि त्या कढीत फरक होता हे तुझे म्हणणे खरे, आणि तो कुठून यायचा ते मला ठाऊक आहे. फोनवर निम्मे राहून जाते, म्हणून लिहून पाठवते.

मोठी गोष्ट आधी. तुझ्या कढीत डोकी नाहीत.

खानावळीत सगळ्यात जास्त ताटे जातात ती तळलेल्या सुरमईची. सुरमईच्या तुकड्या पाडल्या की डोके, शेपटाकडचा भाग, पोटाच्या कडा मागे राहतात. त्या तळून कोणाच्या ताटात वाढत नाहीत. सकाळी मासे साफ झाले की हे सगळे मोठ्या टोपात जायचे. डोकी मधोमध चिरलेली, कल्ले काढलेले, रक्त नीट धुतलेले. वर बुडेल इतके पाणी, हळद, थोडे मीठ, आणि मंद आच. पंचवीस मिनिटे झाली की मी डोकी उपसून काढायचे, कारण त्याहून जास्त शिजली तर पाण्याला कडवट चव येते. हाडांत आणि कातडीत जो चिकटपणा असतो तो तेवढ्या वेळात पाण्यात उतरलेला असतो. वाटण पडायचे ते या पाण्यात. बांगडे अगदी शेवटी. म्हणजे तू बांगड्याची कढी म्हणून जी खायचीस तिच्या तळाशी सुरमई असायची. घरी आपण चार बांगडे आणायचो आणि साध्या पाण्यात कढी करायचो. ती चांगलीच व्हायची, पण तिला ते अंग कुठून येणार?

दुसरे कारण तुझ्या वेळेचे आहे. शाळा सुटली की तू मागच्या दाराने यायचीस तेव्हा अडीच वाजलेले असायचे. अकराला झालेली कढी तोवर निखाऱ्यांवर बसून असायची, उकळत नव्हे, नुसती गरम. तिरफळांचा वास तोवर पूर्ण उतरलेला, आमसुलांचा आंबटपणा खोबऱ्यात मुरलेला, वर लाल तवंग आलेला. बारा वाजता जेवून जाणाऱ्या माणसाला ती चव कधी मिळाली नाही. तुझ्या जिभेवर आहे ती अडीचची कढी, आणि तू घरी करतेस ती गॅसवरून उतरवून लगेच वाढतेस. निदान तासभर झाकून ठेव. मग हवी तर हलकी गरम कर. सकाळी करून रात्री जेवलीस तर त्याहून बरे, फक्त कोमट झाली की उरलेला वेळ ती फ्रिजमध्ये असू दे.

तू सांगितलेस की तुमच्या लेस्टरमधल्या इंडियन रेस्टॉरंटांत मद्रास मागवा, विंदालू मागवा, खाली चव एकच लागते. ते मला लगेच पटले, कारण भरपूर गिऱ्हाईक असलेले प्रत्येक स्वयंपाकघर असेच चालते. तिथली कितीतरी हॉटेले बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या बंगाली लोकांनी उभी केली, आणि त्यांच्याकडे ढीगभर कांदे आले-लसणाबरोबर मऊ शिजवून, वाटून एक पातळ रस्सा सकाळीच तयार असतो. ऑर्डर आली की कढईत तेल, मसाला, पळीभर तो रस्सा, आणि काही मिनिटांत ताट बाहेर. त्यांचा पाया कांद्याचा, आमच्या वयनींचा डोक्यांच्या पाण्याचा. घरी हॉटेलची चव आणायला निघालेली माणसे मसाल्यांच्या पुड्या गोळा करत बसतात आणि हा पायाच करत नाहीत. तू तो कर. रविवारी डोकी उकळून पाणी गाळ, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाक. मग आठवड्यात कधीही, वाटण झाले की अर्ध्या तासात कढी होईल.

डोकी कुठली घ्यायची? तिथे सुरमई नाही मिळाली तर अडून बसू नको. सी बास किंवा सी ब्रीमची डोकी आणि मधला काटा घे, मासेवाल्याला मागितलेस तर देईल. बांगड्याची डोकी या पाण्यात घालू नको, फार तेलकट होते आणि वास उग्र येतो. तिथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा भाऊबंद, पण थंड पाण्यातला, म्हणून त्याच्या अंगात तेल जास्त. त्याची कढी होते आणि चांगली होते, आमसूल मात्र एखाद-दोन वाढव.

बांगड्याच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. हा मासा पटकन बिघडतो. गार ठेवला नाही तर त्याच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते शिजवून जात नाही, कितीही उकळ. तोंड लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे हे त्यानेच होते. कल्ले लाल हवेत, डोळा चमकता हवा, बोट दाबले तर खड्डा राहता कामा नये. तसा ताजा नसेल तर सरळ बर्फातला घे आणि रात्री फ्रिजच्या खालच्या खणात सुटू दे. ओट्यावर ठेवून सोडवू नको. इथे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना समुद्र बंद असतो, त्या दिवसांत वयनीसुद्धा बर्फातलाच वापरायच्या, पण बर्फाची पेटी उघडी पडलेली त्यांना खपायची नाही.

आता वाटण. चार मध्यम बांगड्यांना अख्खी वाटी भरून ओले खोबरे, आठ-दहा बेडगी मिरच्या, तिखटपणासाठी दोन लवंगी मिरच्या, चमचाभर धणे, पाऊण चमचा हळद, अर्धा लहान कांदा. बेडगी रंग देते, तिखट फार देत नाही, म्हणून ती हात सैल सोडून घालता येते. मिरच्या बिया झटकून कोमट पाण्यात अर्धा तास भिजव आणि तेच पाणी वाटायला घे. मिक्सरमध्ये आधी मिरच्या आणि धणे फिरव, ते मऊसूत झाले की मग खोबरे आणि कांदा. सगळे एकदम टाकलेस तर मिरचीची साले बारीक होईपर्यंत खोबरे तापते आणि तूप सुटल्यासारखे होते. थांबून थांबून फिरव. बोटांत घेतलेस तर गंधासारखे लागायला हवे, रवा लागला तर अजून फिरव. पाट्यावर मी एक वाटण तीन वेळा ओढायचे आणि वयनी चिमटीत धरून बघितल्याशिवाय टोपात घालू द्यायच्या नाहीत.

इथे एक गोष्ट तुझ्या घरात वेगळी आहे, जी माझ्या लक्षात तू पाठवलेल्या फोटोवरून आली. कढीवर पांढरे कण दिसत होते. खोबऱ्याचे तेल साधारण 24 अंशांखाली गोठते. मालवणात ते बहुतेक पातळच असते, म्हणून आम्हाला कधी विचार करावा लागला नाही. तुझे स्वयंपाकघर थंड, त्यात फ्रीझरमधले खवलेले खोबरे आणि नळाचे गार पाणी. तेल तिथेच गोठणार आणि वाटण एकजीव होणार नाही. खोबरे आधी पूर्ण सुटू दे, वाटताना पाणी कोमट घे, भांडे गरम पाण्याने विसळून घे. एवढ्याने कढीचा पोत बदलेल बघ. डेसिकेटेड खोबरे आणू नकोस, त्याचा चोथा राहतो. डब्यातले नारळाचे दूध अडीअडचणीला ठीक, पण ते घालून केलेली कढी केरळाकडे जाते, आपल्याकडे येत नाही.

तिरफळे सात-आठ. फोडून आतले काळे बी काढून टाक, ते कडू असते. साले नुसती ठेच. वयनी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "तिरफळा वाटूची नाय, नुसती ठेचूची." वाटली की कढी कडवट होते. संपली तर तिथे चिनी दुकानात मिळणारी सिचुआन मिरी त्याच कुळातली आहे, जीभ तशीच झिणझिणते, पण तिला आपल्या तिरफळाचा वास नाही. एखाद्या वेळेस चालेल, सवय करू नको.

आणि मालवणी मसाला या कढीत घालू नकोस. तू घातला होतास, रंगावरून कळले. तो मटणाला, कोंबडीच्या रश्शाला, तळायच्या माशाला लावायला. लवंग, दगडफूल, बडीशेप, चक्रीफूल अशा गोष्टी त्यात असतात, त्या तिरफळाला दाबून टाकतात. हल्ली पर्यटकांसाठी सगळ्यातच तो पडतो, वास दारापर्यंत येतो आणि लोक खूश होतात. मला ते आवडत नाही. माशाच्या कढीत मासा, नारळ आणि तिरफळ एवढेच कळायला हवे. आले-लसूणही नको.

कृती अशी. डोक्यांचे पाणी, साधारण चार वाट्या, टोपात गरम कर. वाटण घाल, मिक्सरचे भांडे विसळून ते पाणीही घाल, ठेचलेली तिरफळे टाक. उकळी फुटली की आच लगेच कमी. धडाधड उकळलीस तर खोबरे फुटते, पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो. मंद आचेवर दहा-बारा मिनिटे, मधूनमधून ढवळत, कच्च्या मिरचीचा वास जाईपर्यंत. मग पाच-सहा आमसुले आणि मीठ. आमसुलांत मीठ असतेच, म्हणून मीठ बेताने आणि शेवटी चाखून. बांगड्याचे दोन-दोन तुकडे करून सोड. यानंतर डाव आत जाता कामा नये. टोप दोन्ही कानांना धरून हलकेच फिरव, तुकडे अख्खे राहतात. सहा-सात मिनिटांत मासा शिजतो. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चे खोबरेल आणि लगेच झाकण. मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, खानावळीचा तो तवंग त्यातून यायचा.

चव बघताना नुसती चमच्याने बघू नकोस, भातावर घालून बघ. आपला उकडा तांदूळ बिनमिठाचा शिजतो, म्हणून कढी नुसती प्यायला किंचित खारट आणि आंबट लागली तरच भातात बरोबर लागते. तू फोनवर म्हणालीस, "चमच्याने चांगली होती, जेवताना फिकी वाटली." ते यामुळेच. उकडा तिथे नाही मिळाला तर दक्षिणेकडच्या लोकांचा जाड पारबॉइल्ड घे. बासमतीवर ही कढी घालू नको, तो स्वतःचा सुगंध मध्ये आणतो.

परवा दांडीच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याला बांगडा लागला होता. मी वाटा घेऊन आले, साफ करताना तुझीच आठवण येत होती. तुझ्या बाबांनी दोन ताटे भात खाल्ला आणि विचारले की ती पोर तिथे काय खात असेल. तू परक्या गावात दमून घरी येऊन कढीसाठी मिरच्या भिजवत बसतेस याचे मला फार बरे वाटते, बाय. चव आली नाही म्हणून सोडून देऊ नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल. पहिल्यांदा फक्त डोक्यांचे पाणी करून बघ, बाकी सगळे तुझे नेहमीचे ठेव, म्हणजे त्याने किती फरक पडतो ते तुला कळेल. मग वाटण.

शेजारची ताई पुढच्या महिन्यात लंडनला येते आहे. तिच्याबरोबर तिरफळे, बेडगी आणि यंदाची आमसुले देते आहे. आमसुले वैशाखात वाळवलेली आहेत, रसात बुडवून बुडवून, अजून लालसर आहेत. काचेच्या बरणीत भर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. ताईकडून सामान कधी घेणार ते तिला आधीच कळव, आणि मासेवाला कुठली डोकी देतो ते मला सांग. त्यावरून पाणी किती घ्यायचे ते ठरवू.

तुझी,
आई