फरशीवाल्या नानांना

ती. नाना,
सा. नमस्कार.

अमळनेरच्या घराची ओसरी आणि देवघर तुम्ही जसं सांभाळून दुरुस्त केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण जुन्या कोटा फरशीला तडा गेला की "उखडा आणि टाइल्स टाका" हाच सल्ला मिळतो. आम्हालाही तोच मिळत होता. तुम्ही मात्र उकिडवे बसलात, एकेक फरशी बोटाने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकलंत आणि म्हणालात, "फरशी चांगली शे, भाऊ."

वडिलांनी निवडून घेतलेला हा हिरवट-निळा कोटा वापरून वापरून गुळगुळीत झालाय. त्यात नवी फरशी बसवली असती तर ठिगळच दिसलं असतं. एका खाणीतल्या दोन थरांचाही रंग सारखा नसतो.

आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फरशीखाली पोकळी राहते. म्हणून तुम्ही आधी पोकळ जागी सांध्यातून पातळ इपॉक्सी, म्हणजे चिकटवणारं रसायन, सोडलं, मगच तड्यांना हात लावलात. आधीच्या कारागिराने भरलेलं पांढरं सिमेंट खरवडलंत, धूळ ओढून काढलीत, फरशी पूर्ण सुकू दिलीत.

रंग जुळवणं मात्र मी विसरणार नाही. परसातला त्याच कोट्याचा तुकडा तुम्ही कुटलात, भुकटी फडक्यातून गाळलीत, मॅस्टिकमध्ये, म्हणजे दगडाचे तडे भरायच्या लुकणात, कालवलीत. वर चिमूटभर हिरवा, किंचित काळा. दुसऱ्या तुकड्यावर लावून बघितलंत, तेही तो ओला करून, कारण मॅस्टिकमध्ये भुकटी गडद होते आणि कोरड्या दगडाशी जुळवलेला रंग फसतो. देवघरातला लांब तडा तर एका रंगाने भरलाच नाहीत. मध्येच जरा काळसर, मध्येच फिकट, दगडात असतं तसं. इतका विचार करणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिला नाही.

मे महिन्याच्या उन्हात मॅस्टिक घट्ट करणारा हार्डनर लगेच पकडतो, म्हणून काम सकाळी लवकर आणि माल थोडा थोडा कालवून. तडा किंचित उंच भरून ब्लेडने तासलात, मग खरखरीत 50 नंबरपासून बारीक 3000 पर्यंत पॉलिशचे पॅड चढवत गेलात, तेही नुसत्या भरलेल्या जागेवर नाही, अख्ख्या फरशीवर, म्हणून चमक कुठे तुटत नाही. कोटा हा चुनखडक, ॲसिडने त्याची चमक जाते, हे तुम्ही आईला समजावलंत. तेव्हापासून ती साध्या पाण्यानेच पुसते.

संध्याकाळच्या तिरप्या उजेडात मुद्दाम शोधलं तर एक रेघ दिसते. ती असू दे.

तुमच्यासोबतचा मुलगा रंग कालवायला शिकतोय, हे पाहून फार बरं वाटलं. शिरपूरला आत्याच्या पायरीची शहाबादी तडकलीय. पाऊस सुरू होण्याआधी तुम्ही दोघं येऊन बघाल का?

तुमचा,
ओसरीवाला भाऊ