करुणेला जाळीचे छप्परही लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला हिमबिबट्यावरचा लेख दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख, त्याबद्दल वादच नाही. (मथळ्यात 'हिमचित्ता' कसा आला, ते मुद्रितशोधकांना विचारा. बिबट्या कोणता आणि चित्ता कोणता, हे आमच्या जुन्नर तालुक्यात बालवाडीतले पोरही सांगेल.) देशात 718, पैकी 477 एकट्या लडाखमध्ये, ही चौकटही ठीक. पण तिथल्या साध्याभोळ्या लोकांच्या रक्तातच करुणा आहे, म्हणून हा प्राणी टिकला, असे लेखक महाशय लिहितात, तिथे माझा चहा गार झाला.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पुण्याच्या एका ग्रुपबरोबर मी लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या एका गावात सहा दिवस राहिलो. घरे मोजून आठ-दहा. पाहुणे पाळीपाळीने प्रत्येक घराला मिळतात, म्हणजे एकाच घराची चंगळ होत नाही. आमची पाळी ज्या घरी आली, तिथल्या आजींना सगळे आमा-ले म्हणत. हिमबिबट्याला त्या 'शान' म्हणायच्या. एका रात्री बुखारीपाशी (खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीपाशी) बसून त्यांनी सांगितले ते असे. मेंढवाड्याच्या छपराला धूर-हवेसाठी ठेवतात तसे एक भोक होते. शान त्यातून आत उतरला. आत गेल्यावर जनावरे बिथरून इकडेतिकडे पळू लागली की तो एकावर थांबत नाही. सकाळी दार उघडले तर चौदा शेळ्या-मेंढ्या मेलेल्या आणि तो कोपऱ्यात सुस्त पडलेला. सगळा गाव दगड घेऊन जमला. 'माझ्याही हातात होता,' आमा-ले म्हणाल्या. गाइडने विचारले, मग पुढे काय झाले? त्या उठल्या, बुखारीत शेणी घातल्या आणि उद्या नाश्त्याला काय करू, असे आम्हाला विचारले.

कुठे गेली हो रक्तातली करुणा? आता त्या वाड्यावर लोखंडी जाळीचे छप्पर आहे आणि दाराला घट्ट बसणारी चौकट. हिमबिबट्याच्या रक्षणासाठी झटलेल्या लडाखच्या रिनचेन वांगचुक यांच्यासारख्या माणसांनी गावोगाव फिरून जाळ्या बसवून घेतल्या, घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायला शिकवले. जिवंत शान मेलेल्यापेक्षा जास्त पैसे देतो हे दिसले, तेव्हा दगड खाली ठेवले गेले. यात कमीपणा कसला? मला तर हा हिशेब करुणेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मी 31 वर्षे विम्यात काढली, त्यामुळे हिमाचलच्या स्पितीतल्या किब्बर गावाची गोष्ट कळल्यावर मी उठून बसलो होतो. तिथे म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मदतीने गावाने जनावरांचा विमा काढला. हप्ता मालक स्वतः भरतो, दावा खरा की खोटा ते गावचीच समिती ठरवते आणि राखण चांगली करून ज्याची जनावरे कमी जातात, त्याला बक्षीस. म्हणजे नो-क्लेम बोनस! शेजाऱ्याची म्हातारी मेंढी उताणी पडली तर ती शानने मारली की थंडीने, हे गावाला चांगले ठाऊक असते. आमच्या सर्व्हेअरला ते तीन फॉर्म भरूनही कळले नसते. लेखात यावर एक ओळ नाही. प्रार्थनेच्या पताका मात्र अर्धे पान.

आता थोडे स्वतःबद्दल. पाचव्या दिवसापर्यंत आम्हाला काही दिसले नव्हते. दुर्बिणीत भरळ (तिथल्या डोंगरातली रानमेंढरे), भरळ आणि भरळ. आमच्यातला एक जण जेवताना गाइडला म्हणाला, 'अहो, एखादी बकरी बांधा ना वर. पैसे देऊ आम्ही.' सगळे हसले. मीही हसलो. गाइडने भाषांतर केले नाही, पण बकरी आणि पैसे हे शब्द तिथेही कळतात. आमा-लेंनी सगळ्यांच्या कपात चहा ओतला, कंदील घेतला आणि वाड्याकडे गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या. जनावरे मोजत होत्या म्हणे.

लेखात भटक्या कुत्र्यांचाही उल्लेख नाही. तिथली मेंढरे आता कुत्रीही फाडतात, आणि ती कुत्री छावण्यांच्या, हॉटेलांच्या उष्ट्यावर माजलेली आहेत. आमच्या ग्रुपचे उरलेले पराठे कुठे गेले, ते मी पाहिले आहे. 'जबाबदार पर्यटक' म्हणून तुम्ही ज्यांचा फोटो छापला, त्यांनाही विचारा.

आणि सहजीवनाचे हे कौतुक पुण्या-मुंबईत बसून करणाऱ्यांनी एकदा बिबटे दडलेल्या उसाच्या तोडणीला आमच्याकडे यावे. आमच्या बायका पहाटे पाण्याची मोटर चालू करायला जातात, तेव्हा त्यांच्या रक्तात काय असते, ते लेखक महाशयांनी लिहावे. मी वाट पाहीन.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी
नारायणगाव (जि. पुणे)

ता. क. : बिबट्याच्या पिंजऱ्यांबद्दलचे माझे मागचे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. मात्र 'पिंजरे लावून प्रश्न सुटणार नाही' यातला 'नाही' कापला गेल्याने गावात मला अजून पिंजरेवाले काका म्हणतात. या वेळी जागा कमी पडली तर मथळा कापावा.