सुमे, आधी तिचा तळवा बघ

घणसोली गाव, नवी मुंबई
१२ ऑगस्ट

प्रिय सुमे,

तुझी कबरी कोंबडी लंगडते आहे आणि सासूबाई म्हणतात रविवारी रस्सा करू, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. टपाल पोचेपर्यंत रविवार उलटेल, म्हणून या कागदाचा फोटो आधी पाठवतेय. कबरीला हात लावू देऊ नकोस.

आज रात्री ती दांड्यावर डोळे मिटून बसली की हळूच उचल. अंधारात कोंबडी झटापट करत नाही. पंखांसकट टॉवेलात गुंडाळ, काखेत धर आणि पाय उलटा करून तळवा बल्बखाली बघ. मधल्या गादीवर सूज आणि त्यात मिऱ्याएवढी काळी खपली दिसली, तर तो तळव्याचा फोड. डॉक्टर त्याला बम्बलफूट म्हणतात. काटा, काच किंवा उंचावरून मारलेली उडी यांनी कातडी फाटते आणि तिथून स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आत शिरतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तुरेवालीला हेच झालं होतं. मी शहाणपणा केला आणि दाढीच्या ब्लेडने खपली उकरली. रक्त थांबेना. तिने चोच उघडी टाकून माझ्याकडे बघितलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढचे आठ दिवस ती पाय टेकत नव्हती. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आतला पू काढून दाखवला. आपल्या गळवासारखा तो वाहत नाही गं, घट्ट असतो, वाळलेल्या खव्याच्या गोळीसारखा. म्हणून दाबून काही बाहेर येत नाही, उलट तो आत सरकतो.

फोड लहान असेल तर घरी एवढं कर. कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून धर. कोरडा कर, बेटाडीन लाव, वर गॉज ठेव आणि बोटांच्या मधून पट्टी फिरवून बांध. बोटं निळी-थंड पडली तर पट्टी घट्ट झाली समज. रोज बदल. हातमोजे घालच, ते जंतू आपल्यालाही लागतात. सूज गरम असेल किंवा पायावर चढत असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घे.

तळवा स्वच्छ निघाला आणि पायाच्या नळीवरचे खवले उचकटलेले, खाली पांढरट भुकटी दिसली, तर ते खवल्यांखाली घुसणारे किडे. डोळ्यांना दिसत नाहीत. तुमच्याकडे त्यावर रॉकेल चोळतील, ते करू देऊ नकोस, कातडी भाजते. साबणाच्या कोमट पाण्यात पाय भिजव, जुन्या टूथब्रशने हलके घास आणि व्हॅसलिनचा जाड थर दे, म्हणजे किडे गुदमरतात. तीन-चार आठवडे चिकाटीने करावं लागतं, आणि सगळ्याच कोंबड्यांचे पाय बघावे लागतात, कारण ते एकीकडून दुसरीकडे जातात.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. तलंग वयाची कोंबडी एक पाय पुढे, एक मागे टाकून बसली आणि उठेचना, तर तो बहुधा मरेक नावाचा रोग. विषाणूचा आजार, त्यावर औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यायची असते. पण कबरी दोन वर्षांची आहे आणि तीन पावलं टाकून पाय उचलते म्हणतेस, म्हणून मला तळव्याचीच शंका आहे.

खरा घोळ जमिनीत असतो, सुमे. आजीच्या अंगणात माती होती, शेणाने सारवलेली. तिच्या कोंबड्यांना हा फोड झालेला मी कधी पाहिला नाही. आता आमच्या अंगणाला कोबा आहे आणि कोंबड्या माळ्याच्या कडेवरून धाडकन त्यावर उतरायच्या. तुरेवाली बरी झाल्यावर आम्ही दांडा दीड फुटावर आणला, त्याच्या कडा रंधा मारून गोल केल्या, खाली भाताचं तूस पसरलं. पावसात तूस ओलं होतं, दर दोन दिवसांनी बदलते. कंटाळा येतो, पण ओल्या जमिनीत तळवा मऊ पडतो आणि लगेच फाटतो. खाडीवरचे शिंपले कुटून वाटीत ठेवते. अंडी घालणारीला कॅल्शियम कमी पडलं की ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि मग पाय दुबळे होतात.

तुरेवाली आता पुन्हा खुडूक बसलीय, नऊ अंड्यांवर. सासूबाईंना सांग, पंधरा दिवस दे म्हणावं. आणि उद्या कबरीच्या दोन्ही तळव्यांचा फोटो पाठव, दिवसाउजेडी काढलेला.

तुझीच,
वैजू