सूचना : महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचवा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवून अंदाजपत्रकात घेते. पुढच्या वर्षासाठी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे आहेत. नवे अंदाजपत्रक १ एप्रिलपासून लागू होते, पण कामे ठरतात त्याच्या कितीतरी आधी. मार्चमध्ये नगरसेवकाकडे जाऊन काही हाती लागत नाही.

अर्जात 'ज्येष्ठांसाठी सोयी कराव्यात' असे मोघम लिहू नका. नेमकी जागा आणि नेमके काम लिहा. उदाहरणार्थ, विरंगुळा केंद्राच्या पायऱ्यांना एकाच बाजूला कठडा आहे. गुडघे दुखणाऱ्यांना उतरताना भिंत धरावी लागते. तिथे दुसऱ्या बाजूला कठडा आणि शेजारी उतरण हवी. बागेतल्या बाकांना पाठ हवी, हेही लिहाच. जमल्यास मोबाईलवर फोटो काढून आणा.

वृद्धापकाळ पेन्शन आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज यात येत नाहीत, ते तहसील कार्यालयाकडे जातात.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता केंद्रात एकत्र बसून अर्ज भरू. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे शेजारच्या सभासदाने आवर्जून जाऊन विचारावे. त्यांच्या गरजा आपल्याहून जास्त आहेत.

– कार्यवाह