नंदू, कागदांवर सही करण्याआधी

पंचवटी, नाशिक

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. फोनवर दोन ओळी लिहून मोकळं होण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे. कॅनडातलं ब्रॅम्प्टनचं घर विकायचं, वहिनींनी नोकरी सोडायची आणि दोन्ही मुलांना घेऊन कायमचं रशियात जायचं. तू उगाच काही बोलणाऱ्यातला नाहीस, त्यामुळे हे तू मनाशी बरंच पक्कं केलेलं असणार. मलाही आडवळणाने लिहायचं नाही. तू जाऊ नयेस असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुझी काळजी मला खोटी वाटत नाही. शाळेत मुलांना काय शिकवतात ते आईबापांना आधी कळलं पाहिजे, हे तुझं म्हणणं मला पटतं. मृण्मयी आजीशी मराठी बोलायला लाजते, ईशान घरात असून नसल्यासारखा असतो, आणि घरातल्या कुठल्याच गोष्टीला बाहेर किंमत नाही असं दोघांना वाटतं, हे वाचून मला वाईट वाटलं. माझ्याही घरी संध्याकाळी दिवा लागतो, आणि माझी मुलं तेव्हा मान वर करून बघत नाहीत. लग्न, नाती, वडीलधाऱ्यांचा शब्द याबद्दल तुझी-माझी मतं फार वेगळी नाहीत. त्यामुळे हे पत्र कुण्या पुढारलेल्या माणसाने तुला शिकवण देण्यासाठी लिहिलेलं समजू नकोस.

तू पाठवलेला तो हुकूम मी वकिलाच्या नजरेने वाचला. १९ ऑगस्ट २०२४ चा, पुतिन यांच्या सहीचा, क्रमांक ७०२. ज्या देशांची धोरणं रशियाच्या पारंपरिक आध्यात्मिक आणि नैतिक मूल्यांच्या विरोधात आहेत, तिथल्या लोकांना तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. कोटा नाही, रशियन भाषेची, इतिहासाची, कायद्याची परीक्षा नाही. सरकारने महिनाभरात देशांची यादी काढली; तिच्यात ४७ नावं आहेत. कॅनडा आहे, भारत नाही. म्हणजे सवलत तुला मिळते ती कॅनडाचा नागरिक म्हणून. इथे नाशकात राहून तेच संस्कार जपणाऱ्या मला ती मिळणार नाही.

ही मूल्यं कोणती, तेही मी पाहिलं. नोव्हेंबर २०२२ च्या ८०९ क्रमांकाच्या हुकुमात त्यांची यादी आहे. मजबूत कुटुंब आहे, भौतिकापेक्षा आध्यात्मिकाला प्राधान्य आहे, दया आहे, न्याय आहे. माणसाचे हक्क आणि स्वातंत्र्य हेही त्याच यादीत आहे. वाचायला सुंदर आहे, माझा एकाही शब्दाला विरोध नाही. पण नंदू, ही यादी एका माणसाच्या सहीने आली, आणि यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा हेही तिथे तोच ठरवतो. माझी भीती सगळी इथे आहे.

तुझ्याच प्रांतात काय घडलं ते आठव. ओंटारिओत २०१५ साली लैंगिक शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम आला. तुझ्यासारखे हजारो आईबाप चिडले, रस्त्यावर उतरले. २०१८ च्या निवडणुकीत डग फोर्ड तो रद्द करण्याचं आश्वासन देऊन निवडून आले. आधीचा मागे घेतला, २०१९ मध्ये दुसरा आणला, आणि त्या विषयाच्या तासाला आपलं मूल बसवायचं की नाही हे ठरवण्याची सोय पालकांना दिली. तुला सगळं हवं तसं झालं नाही हे मला ठाऊक आहे. २० सप्टेंबर २०२३ ला कॅनडाभर पालकांचे मोर्चे निघाले. त्यात तू होतास, फोटो तूच मला पाठवलेस. फलक धरून सरकारविरुद्ध घोषणा देत होतास. दुसऱ्या दिवशी कामावर गेलास. मुलं शाळेत गेली. घरी कोणी आलं नाही.

आता रशियातली एक शाळा. तिथे ‘तुला’ नावाच्या प्रांतात येफ्रेमोव्ह नावाचं गाव आहे. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सहावीतल्या मुलीने चित्रकलेच्या तासाला युद्धाविरुद्ध चित्र काढलं. शाळेने पोलिसांना कळवलं. चौकशी वडिलांवर वळली. त्यांनी समाजमाध्यमावर काय लिहिलं ते काढलं गेलं, आणि मार्च २०२३ मध्ये सैन्याची बदनामी केली म्हणून त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. तो माणूस मुलीला एकटा वाढवत होता. मुलीला बालगृहात नेलं.

तू शाळेच्या हातून मुलांना सोडवायला निघाला आहेस. तिथे सप्टेंबर २०२२ पासून दर सोमवारी देशभक्तीचा तास असतो, आणि त्यात काय सांगायचं ते वरून येतं. ईशानला तो तास नको असेल तर तू कुणाकडे जाणार? मोर्चा काढशील? तिथे एकटा माणूस कोरा कागद धरून उभा राहिला तरी उचलतात. ब्रॅम्प्टनच्या शाळेशी तू भांडलास ते बाप म्हणून भांडलास. तो बाप तिथे नेता येणार नाही.

हे सगळं मी तुला सांगावं लागतंय याचंच नवल वाटतं, कारण आपण कुठल्या गावात वाढलो? बाबाराव सावरकरांना १९०९ साली काळ्या पाण्याची जन्मठेप झाली ती कशासाठी? कवितांची पुस्तिका छापली म्हणून. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं कलम लावलं, पुरावा कवितांचा, आणि मालमत्ता जप्त. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, ती याच संतापातून. तुझे बाबा ही गोष्ट सांगताना आवाज चढवायचे, आणि कवितेसाठी माणसाला अंदमानात पाठवणाऱ्या सरकारबद्दल त्यांच्या मनात काय होतं, ते तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलं आहेस. मॉस्कोत मयाकोव्हस्की चौकात सप्टेंबर २०२२ मध्ये आर्त्योम कामार्दिन नावाच्या तरुणाने युद्धाविरुद्धची आपली कविता म्हटली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सात वर्षं सुनावली. बाबारावांचं नाव घेताना आपली मान ताठ होते, मग हे वाचून ती खाली का जाऊ नये?

आणि काळाराम. मी हे लिहितोय तिथून देऊळ पाच मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आत जाऊ न देणारेही परंपरेचंच नाव घेत होते. तेही श्रद्धाळू होते, रोज पूजा करणारे होते. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज त्या देवळात कोणीही जातो, आणि आपण तीच आपली परंपरा मानतो. कुणीतरी दाराशी उभं राहून भांडलं म्हणून ती अशी झाली. पारंपरिक मूल्यांचं रक्षण हे सरकारी काम असतं आणि त्याविरुद्ध बोलणं गुन्हा असता, तर १९३० चं देऊळच आज आपल्या वाट्याला आलं असतं. मला माझा धर्म जपायचा आहे, म्हणून तो सरकारच्या ताब्यात द्यायचा नाही.

तुझा धर्म तिथे कुठे बसतो, याचाही विचार कर. त्यांची परंपरा ऑर्थोडॉक्स चर्चची आहे. सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये सरकारी वकिलांनी भगवद्‌गीतेच्या इस्कॉनच्या भाष्यग्रंथावर अतिरेकी साहित्य म्हणून बंदी मागितली होती. डिसेंबर २०११ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने मागणी फेटाळली. फेटाळली याचा आनंद आहे. पण २०१६ मध्ये धर्मप्रचारावर बंधनं घालणारा कायदा आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये योगावर व्याख्यान देणाऱ्या एका शिक्षकाला त्याखाली पकडलं. पुढे प्रकरण मिटलं. तुझ्या घरच्या सत्यनारायणाला शेजारपाजारचे आले तर काय, हे तूच विचार. ब्रॅम्प्टनला तुम्ही गणपती ढोल-ताशांसह काढता.

कुटुंबाबद्दल थोडं माझ्या पेशातून. कौटुंबिक न्यायालयात माझं आयुष्य गेलं, म्हणून रशियातले आकडे मुद्दाम पाहिले. तिथे वर्षाला होणाऱ्या दर दहा लग्नांमागे साधारण सात घटस्फोट होतात. गर्भपात कायदेशीर आहे, आणि १९२० मध्ये जगात पहिल्यांदा त्याला मान्यता दिली ती त्यांनीच. २०२४ मध्ये मूल नको या विचाराच्या प्रचारावर बंदी आणली. त्याच वर्षी जन्मांची संख्या गेल्या पाव शतकातली सर्वांत कमी होती. २०१७ पासून घरातली पहिली मारहाण, गंभीर इजा झाली नसेल तर, फौजदारी गुन्हा राहिलेली नाही. दंड किंवा थोड्या दिवसांची अटक. आपल्याकडे २००५ चा कायदा आहे, आणि तो किती बायकांच्या कामी आला ते मी रोज बघतो. उद्या मृण्मयीचं लग्न तिथे झालं, आणि नवरा हात उचलणारा निघाला, तर तिच्या हातात काय असेल? व्हिडिओत दिसणाऱ्या लांब स्कर्टच्या बायका आणि स्वच्छ मेट्रो खोट्या नाहीत. पण त्यातून घर आतून कसं आहे ते दिसत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी भराभर लिहितो. भाषेची परीक्षा तुला माफ आहे. पण एप्रिल २०२५ पासून परदेशी मुलांना शाळेत घेण्याआधी रशियन येतं का ते तपासतात. तुझ्या मुलांना सूट आहे का, हे लेखी विचार. रशियाचं नागरिकत्व घेतलंस तर ईशान १८ वर्षांचा झाला की ३० पर्यंत सक्तीच्या सैन्यसेवेला पात्र असेल. नागरिकत्व लवकर मिळेल म्हणून टेक्सासहून आलेला एक तीन मुलींचा बाप २०२५ मध्ये स्वतःच सैन्यात गेला. मागचं सुरक्षित काम मिळेल अशी त्याची समजूत होती, आणि मग बायको व्हिडिओ करून सांगत होती की त्याला आघाडीकडे नेताहेत. नोकरीच्या आमिषाने तिकडे नेलेली आपली पोरंही त्या सैन्यात अडकली, काही मेली. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांना तो विषय मॉस्कोत काढावा लागला. पैशाचं म्हणशील तर परदेशी बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत. घर विकून आलेले डॉलर तिकडे कसे नेणार, हे ठरल्याशिवाय घर विकू नकोस. आठ मुलांचं एक कॅनेडियन शेतकरी कुटुंब २०२४ च्या सुरुवातीला तिकडे गेलं. बँकेने खातं गोठवलं. बाईने वैतागून व्हिडिओत तक्रार केली, मग तो व्हिडिओ काढला आणि माफी मागितली. बँकेचा त्रास कुठेही होतो. माफी का मागावी लागली, त्यावर तू आणि वहिनी जरा बोला.

आणि काकू. ऑगस्ट २०२५ पासून रशियात व्हॉट्सॲपवरचे कॉल अडवले आहेत. काकूंना तुझा चेहरा बघायचा तो त्याच फोनवर. मी परवा गेलो होतो तेव्हा नंदूचा फोन कधी येतो विचारत होत्या. त्यांना या बेताबद्दल काहीच माहीत नाही असं दिसलं. मीही काही बोललो नाही. पण त्यांना शेवटी कळावं असं करू नकोस.

तुला जर देश सोडायचाच असेल, तर इकडे ये. इथे सगळं ठीक आहे असं मी म्हणणार नाही, इथेही लोकांची तोंडं बंद करण्याची हौस वाढली आहे आणि त्याविरुद्ध मी कोर्टात उभा राहतो. पण उभा राहतो, आणि संध्याकाळी घरी येतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहू देणारं ओसीआय कार्ड तुम्हा सगळ्यांकडे आहे. नाही तर सहा महिने मुलांना इकडे पाठव. मृण्मयी काकूंजवळ राहील, ईशानला मी माझ्या ऑफिसात बसवतो. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, तेव्हा तर सगळेच या.

ईशानशी तू बोलला असशील. मृण्मयीला विचारलंस का? ती पंधराची आहे. तिचं मत आहे, आणि ते तुझ्याशी जुळत नसेल म्हणून तू विचारत नसशील असं मला वाटतं. तिला विचार. वहिनींनाही मला वेगळं विचारायचं आहे. तुझ्या निरोपात ‘आम्ही ठरवलं’ असं आहे, पण त्या काय म्हणाल्या याची एक ओळ नाही.

येत्या रविवारी तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हा मी फोन करतो. दोघीही जवळ असू देत. आणि तोवर तुझे रशियाचे कागद करणाऱ्या त्या वकिलाला पैसे देऊ नकोस.

तुझा,
अण्णा